कॅन्सर उलटला की जुन्या रिपोर्टवर थांबू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी जळगावात पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो. रक्तपेशींचे दोन मुख्य वंश असतात, लिम्फॉइड आणि मायलॉइड; कॅन्सर कोणत्या वंशाचा, त्यावर औषधं ठरतात. रक्ताच्या कॅन्सरचा पहिला रिपोर्ट 'लिम्फॉइड' आणि आजार उलटल्यावर दुसरा 'मायलॉइड' आला, की घरचे हादरतात. पहिला रिपोर्ट खोटा होता, पोराला चुकीची औषधं दिली, असा संशय डोक्यात बसतो. असं क्वचितच घडतं, पण दोन्ही रिपोर्ट खरे असू शकतात.

ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या, पेशी आपला वंश बदलू शकतात. केएमटी२ए या जनुकाची मोडतोड झालेल्या ल्युकेमियात हे जास्त दिसतं, आणि एक वर्षाच्या आतल्या बाळांच्या लिम्फॉइड ल्युकेमियात बहुतेकदा हीच मोडतोड असते. मूळ बिघाड तोच राहतो, पेशीचं रूप मात्र मोनोसाइटच्या, म्हणजे एका मायलॉइड पेशीच्या, वळणाचं होतं. सीएमएल (क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया) या दीर्घ चालणाऱ्या प्रकारातही आजार भडकला की बहुतेकांत मायलॉइड पेशी वाढतात, पण साधारण पाव ते एक तृतीयांश रुग्णांत लिम्फॉइड. कारण दोन्ही वंश जिच्यापासून निघतात, त्या मुळातल्या स्टेम सेलमध्येच बिघाड असतो.

आता हे समजून घेणं जास्त गरजेचं झालं आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या संशोधनातून आलेल्या कार-टी उपचाराला (यात रुग्णाच्याच प्रतिकारपेशी कॅन्सरवर सोडण्यासाठी बदलतात) 2023 मध्ये मान्यता मिळाली, ही अभिमानाचीच गोष्ट. हा उपचार लिम्फॉइड कॅन्सरपेशीवरच्या सीडी१९ या खुणेवर नेम धरतो. ती खूण टाकून दिलेल्या पेशी त्यातून निसटतात, आणि काही वेळा मायलॉइड होऊन परततात. मग लिम्फॉइडची औषधं पुरी पडत नाहीत, उपचाराची दिशाच बदलावी लागते.

म्हणून आजार उलटला की बोन मॅरोची तपासणी आणि फ्लो सायटोमेट्री (पेशींवरच्या खुणा ओळखणारी तपासणी) पुन्हा करायलाच हवी. खर्च वाचवायला जुन्या रिपोर्टवर पुढची केमो सुरू करू नये. यात आपल्या भागाची खरी अडचण नमुन्याची आहे. त्यातल्या पेशी जिवंत पोचाव्या लागतात. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत साध्या पार्सलने मुंबईला पाठवलेल्या नमुन्याचा काय भरवसा? जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतून असे नमुने योग्य तापमानात, एका दिवसात मोठ्या केंद्रात पोचवण्याची कायमची सोय शासनाने करावी. आपल्या लोकप्रतिनिधींनी ही मागणी लावून धरावी.

नातेवाइकांना एवढीच विनंती, पहिल्या निदानाचे सगळे कागद जपून ठेवा आणि नव्या डॉक्टरांना आधी तेच दाखवा.

– एक लॅब टेक्निशियन, जळगाव