तुझ्या 'माझ्यात कृपादानच नाही' या वाक्याला उत्तर

प्रिय मित्रा,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

तुझं पत्र मिळालं. आजारी आणि एकट्या पडलेल्या लोकांच्या भेटी घेण्याचं काम तू सांभाळावंस, असं मंडळीच्या वडीलजनांनी तुला विचारलं, हे वाचून मला फार बरं वाटलं. पण पुढे तू लिहिलंस, 'मला गाता येत नाही, संदेश देता येत नाही, चारचौघांत प्रार्थना करायची म्हटलं की शब्द अडकतात. माझ्यात कृपादानच नाही, मग मी कसली सेवा करणार?' या वाक्याशी माझं मुळीच पटत नाही. म्हणून हे पत्र लांबणार आहे.

तू कृपादान म्हणून, म्हणजे सेवेसाठी पवित्र आत्म्याने दिलेली देणगी म्हणून, जे जे मोजलंस ते सगळं उपासनेत पुढे उभं राहून करायचं आहे. प्रेषित पौलाची यादी याहून कितीतरी मोठी आहे. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायाच्या शेवटी तो चमत्कार आणि रोग बरे करण्याची दाने सांगतो आणि त्याच ओळीत साहाय्य करणारे आणि कारभार पाहणारे यांनाही बसवतो. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात शिक्षण आणि बोध यांच्याबरोबर दान देणं आहे आणि दया करणंही आहे. तिथली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. शेवटच्या तीन दानांपाशी पौल नुसतं दानाचं नाव घेऊन थांबत नाही, ते कसं वापरायचं तेही लगेच सांगतो. देणाऱ्याने औदार्याने द्यावं, पुढारपण करणाऱ्याने तत्परतेने करावं, दया करणाऱ्याने ती हर्षाने करावी. म्हणजे दान आणि स्वभाव त्याने एकाच वाक्यात बांधून टाकले आहेत. तोंड पाडून केलेली दया आजाऱ्याला ओझं वाटते, हे त्याला चांगलं ठाऊक असणार. आणि तू आजाऱ्याच्या खोलीत गेलास की त्या माणसाचा चेहरा कसा खुलतो, हे मी स्वतः पाहिलं आहे. तुला ते दिसत नाही, कारण तुला त्यासाठी काही कष्ट पडत नाहीत. आपलं दान बहुधा आपल्याच लक्षात शेवटी येतं.

निर्गमाच्या एकतिसाव्या अध्यायातला बसालेल आठव. देवाने त्याला आपल्या आत्म्याने भरलं ते कशासाठी, तर सोनं, रुपं, पितळ यांचं काम करायला, रत्नांना पैलू पाडायला आणि लाकडावर कोरीवकाम करायला. निवासमंडप, म्हणजे देवाच्या उपासनेचा तंबू, उभा राहायचा तर कारागीर हवाच होता. ज्या आत्म्याने संदेष्ट्यांना वाणी दिली, त्यानेच याच्या बोटांत कसब घातलं. यापो गावची शिष्या तबीथा काय करत होती? ती वारली तेव्हा विधवा रडत पेत्राला तिने शिवलेले अंगरखे आणि कपडे दाखवत होत्या. तिचा एकही शब्द शास्त्रात लिहिलेला नाही.

आता तुझ्या पत्रातल्या दुसऱ्या गोष्टीकडे येतो. तू ती दोनच ओळींत उरकलीस, पण खरी जखम तिथेच आहे असं मला वाटतं. ज्या माणसाच्या संदेशाने तुझं मन देवाकडे वळलं, तोच माणूस घरच्यांशी आणि सहकाऱ्यांशी किती कठोर वागतो हे तू जवळून पाहिलंस, आणि तेव्हापासून तुला दानांचीच भीती वाटू लागली. तुझं दुःख मला समजतं. त्याच्या वागण्यावर मी पांघरूण घालणार नाही. पण शास्त्राला हे नवीन नाही. करिंथची मंडळी बघ. पहिल्याच अध्यायात पौल त्यांना सांगतो की कोणत्याही कृपादानात तुम्ही उणे पडलेले नाही. तिसऱ्या अध्यायात त्याच लोकांना तो म्हणतो की तुम्ही अजून दैहिक आहात, तुमच्यात हेवा आणि कलह आहे. एक मी पौलाचा म्हणतो, दुसरा मी अपुल्लोसाचा म्हणतो. भाऊ भावाला कोर्टात खेचतो. प्रभुभोजनाला एकत्र जमतात तेव्हा एक उपाशी राहतो आणि दुसरा पिऊन झिंगतो. ज्या मंडळीत सगळी दाने होती, तिथे गरीब भावासाठी थांबण्याइतकी प्रीती नव्हती.

शमशोनाचं तर याहून भयंकर. परमेश्वराचा आत्मा त्याच्यावर जोराने येत असे आणि त्याने मोठे पराक्रम केले, पण स्वतःच्या मनावर त्याचा ताबा कधीच नव्हता. शेवटी परमेश्वर आपल्याला सोडून गेला आहे हेसुद्धा त्याला कळलं नाही. शास्ते पुस्तकातलं ते वाक्य वाचताना मी दर वेळी थबकतो. तो नेहमीसारखाच उठला आणि मागच्यासारखंच अंग झाडून मोकळा होईन असं त्याला वाटलं. जे दान वर्षानुवर्षं चालत आलं, ते आपल्या चांगुलपणाचा दाखला आहे अशी त्याची समजूत झाली असावी. प्रभू येशूनेही डोंगरावरील प्रवचनात सांगितलं आहे की त्याच्या नावाने संदेश दिलेले आणि भुते काढलेले पुष्कळ जण त्याच्यापुढे उभे राहतील, आणि तो म्हणेल, 'मला तुमची कधीच ओळख नव्हती.'

म्हणून पौल दानांविषयी बोलता बोलता मध्येच प्रीतीकडे वळतो. बारावा अध्याय दानांचा, चौदावा दानांचा, आणि मध्ये तेरावा. आपण तो लग्नात वाचतो आणि ते चांगलंच आहे, पण तो लिहिला गेला तो उपासनेत एकमेकांवर कुरघोडी करणाऱ्या लोकांसाठी. प्रीती सहनशील आहे, प्रीती हेवा करत नाही, फुगत नाही. यातला एकेक शब्द करिंथच्या दुखण्यावर बोट ठेवतो. मात्र दाने सोडा असं पौल म्हणत नाही. चौदाव्याच्या सुरुवातीलाच तो सांगतो, प्रीतीच्या मागे लागा आणि आत्मिक दानांची उत्कंठा बाळगा. तू त्या एका माणसाकडे पाहून दुसरा अर्धा भाग टाकून देऊ नकोस.

मला विचारशील तर दान आणि शील यांत एक फरक फार महत्त्वाचा आहे. दान सगळ्यांना सारखं नसतं आणि ते आपण निवडतही नाही. आत्मा आपल्या इच्छेप्रमाणे ज्याला त्याला वाटून देतो. पण गलतीकरांस पत्रात आत्म्याचं जे फळ सांगितलं आहे, म्हणजे प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन, त्यातलं 'हे माझ्या वाट्याला आलेलं नाही' असं कोणालाच म्हणता येत नाही. आणि ते एका रात्रीत पिकत नाही. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात मंडळीचा अध्यक्ष कसा असावा हे सांगताना पौल शिकवण्याच्या निपुणतेचा एकदा उल्लेख करतो. बाकी जवळजवळ सगळं स्वभावाबद्दलच आहे. तो नेमस्त असावा, अतिथिप्रिय असावा, भांडखोर नसावा, द्रव्यलोभी नसावा, त्याचं घर नीट चाललेलं असावं. यरुशलेमेत रोजच्या वाटणीत ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होऊ लागलं आणि पंगतीची व्यवस्था पाहायला सात जण निवडले, तेव्हाही प्रेषितांनी आत्म्याने आणि ज्ञानाने पूर्ण अशी नावाजलेली माणसं मागितली. अन्नवाटपासाठी! मला ती अट फार योग्य वाटते. भुकेल्या विधवेच्या ताटात कमीजास्त करण्याचा अधिकार कोणत्याही माणसाच्या हाती देणं परवडणारं नाही.

सगळ्या नव्या करारात मला स्वतःला सर्वांत जवळचा वाटतो तो बर्णबा. कुप्रचा लेवी. त्याने शेत विकून पैसे प्रेषितांच्या पायांशी ठेवले. दिमिष्काहून आलेल्या शौलावर, म्हणजे पुढे पौल म्हणून ओळखल्या गेलेल्या त्याच माणसावर, यरुशलेमेत कोणी विश्वास ठेवेना, तेव्हा याने त्याला हाताशी धरून प्रेषितांकडे नेलं. अंत्युखियात काम वाढलं तसा तो तार्सास गेला आणि शौलाला शोधून घेऊन आला. काही काळातच त्या शौलाचं नाव त्याच्या नावाच्या पुढे येऊ लागलं. याबद्दल बर्णबाने कुरकुर केल्याचं कुठेही लिहिलेलं नाही. आणि त्यांचा सोबती मार्क एका सेवाफेरीतून मध्येच सोडून गेला होता, तेव्हा त्याला पुन्हा बरोबर घ्यायचं की नाही यावरून पौलाशी एवढा तीव्र मतभेद झाला की दोघे वेगळे झाले. बर्णबा मार्कला घेऊन कुप्रास गेला. अनेक वर्षांनी तोच पौल तीमथ्याला लिहितो की मार्कला बरोबर घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. बर्णबाचं दान कुठे संपतं आणि त्याचा स्वभाव कुठे सुरू होतो, हे मला सांगता येत नाही. प्रेषितांची कृत्ये लिहिणारा लूक त्याच्याविषयी एवढंच लिहितो की तो चांगला मनुष्य असून पवित्र आत्म्याने आणि विश्वासाने पूर्ण होता. तुझ्याविषयी कोणी असं म्हटलं तर तुला आणखी काय हवं?

तेव्हा 'माझं दान कोणतं' हे आधी शोधून मग सेवेला लागायचं, असं करू नकोस. गरज समोर आहे, वडीलजनांनी बोलावलं आहे. तू जा, दान जाता जाता उघडं होईल. आणि ती गोष्ट खरोखरच तुझी नसेल तर तेही कळेल आणि मंडळीच तुला दुसरीकडे वळवेल. काही गोष्टी मात्र मी आग्रहाने सांगतो. एकटा जाऊ नकोस, प्रभूनेही शिष्यांना दोघे दोघे पाठवलं. एखाद्या अनुभवी वडिलांबरोबर सुरुवात कर. खाटेजवळ जास्त बोलू नकोस, शास्त्राचा छोटा भाग वाच आणि प्रार्थना साधीच कर, शब्द अडकले तर अडकू देत. तिथे ऐकलेलं कोणाच्याही कानावर घालू नकोस, प्रार्थनेच्या निमित्तानेसुद्धा नाही. लोकांच्या घरातल्या गोष्टी प्रार्थनेची विनंती म्हणून गावभर झालेल्या मी पाहिल्या आहेत. आणि घरी आपल्या माणसांशी चिडून बोलून तसाच भेटीला निघू नकोस. आधी समेट कर, थोडा उशीर झाला तरी चालेल.

थकशील, हेही सांगून ठेवतो. पेत्र म्हणतो की सेवा करणाऱ्याने ती देवाने दिलेल्या शक्तीने करावी. म्हणून स्वतःच्या प्रार्थनेची वेळ भेटींच्या पायी घालवू नकोस आणि नाही म्हणावंसं वाटलं तर वडीलजनांना मोकळेपणाने सांग.

त्या संदेश देणाऱ्या, पण कठोर वागणाऱ्या माणसाबद्दल तू पाळकांशी एकदा बोलावंस असं मला वाटतं. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातल्या क्रमाने आधी त्याला एकांतात भेटणं तुला शक्य आहे का, ते तूच ठरव. भेटायचं ठरवलंस तर दिवस मला कळव, त्या वेळी मी प्रार्थनेत असेन.

वडीलजनांना काय उत्तर दिलंस ते लवकर लिही. घरी सर्वांना सलाम.

तुझाच,
प्रभूमधील मित्र