शीटवरचा पत्ता वाचायला माणसे द्या

मा. पर्यावरणमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

हर्बेरियममधल्या, म्हणजे वाळवून जपलेल्या वनस्पतींच्या संग्रहातल्या, नमुन्यांचे फोटो काढून झाले की रानवनस्पतींचा नकाशा आपोआप तयार होईल, असे धरून निधी आखला जातो. ही समजूत चुकीची आहे, म्हणून हे पत्र.

आत्ता माझ्यासमोर एक शीट आहे. जाड कागदावर दोऱ्याने टाचलेली बारीक वनस्पती, कागदात मावेना म्हणून देठ मधेच दुमडलेला. कोपऱ्यातल्या पुडीत गळलेले बी. फुले तपकिरी पडली आहेत. ती जांभळी होती हे लेबलामुळेच कळते. लेबलवर ठिकाण लिहिले आहे: ‘पुलाच्या वरच्या अंगाला, ओढ्याच्या डाव्या तीरावर, ओल्या खडकात, विपुल.’ अक्षांश-रेखांश नाहीत.

या ओळीवरून नकाशावर ठिपका कुठे द्यायचा, हे स्कॅनर ठरवत नाही. पूल कोणता, जुना की नंतरचा? त्यासाठी संग्राहकाची वही काढावी लागते, त्याच दिवशी त्याने आणखी काय गोळा केले ते पाहून त्याची वाट जुळवावी लागते. मग ठिपका मिळतो, आणि किती मीटरपर्यंत चूक असू शकते हे सांगणारे वर्तुळ त्याच्याभोवती काढावे लागते. एका शीटला कधी अख्खी सकाळ जाते. घाईत जवळच्या गावाच्या मधोमध ठिपका टाकला, तर नकाशात तो खडक रिकामा दिसतो आणि तिथे खाण मंजूर होऊ शकते. मुळात ठिपका नाही म्हणजे वनस्पती नाही, असेही नसते. बरेच संग्राहक रस्त्याच्या कडेकडेनेच फिरले आहेत.

फोटो झाले की मूळ शीटची गरज संपली, हेही कृपया मानू नका. मार्च १९४३मध्ये बर्लिनच्या हर्बेरियमवर बॉम्ब पडले, लक्षावधी नमुने जळाले. शिकागोच्या फील्ड म्युझियमच्या मॅकब्राइड यांनी १९२९पासून तिथल्या अनेक मूळ नमुन्यांचे फोटो घेऊन ठेवले होते, म्हणून त्यांचे निदान रूप तरी उरले. पण फोटोतून परागकण काढता येत नाहीत की डीएनए मिळत नाही. आयर्लंडमधल्या दुष्काळाच्या काळात बटाट्यावर पडलेल्या करप्याचा नेमका वाण २०१३मध्ये ओळखला गेला, तो हर्बेरियमांत जपलेल्या शतकाहून जुन्या, वाळक्या पानांवरून.

तेव्हा कपाटे कोरडी आणि कीडमुक्त ठेवायला कायमची तरतूद हवी. लेबले वाचून ठिकाणे ठरवणाऱ्यांची पदे भरा. जुने हस्ताक्षर ओळखणारे निवृत्त होत आहेत, त्यांच्या हाताखाली नवी माणसे आजच बसायला हवीत. दुर्मीळ वनस्पतींची अचूक ठिकाणे मात्र जाहीर करू नका, नकाशा बघून झाडे उपटून नेणारे असतात.

आणि प्रत्यक्ष जागेवर पुन्हा जाण्यासाठी पैसे द्या. लेबलवर ‘विपुल’ लिहिले आहे. आज तिथे किती रोपे आहेत, हे फुलोऱ्याच्या दिवसांत त्या ओढ्यावर जाऊन मोजल्याशिवाय मी आपल्याला सांगू शकत नाही.

आपला,
हर्बेरियममधला एक कर्मचारी