गुरांची लस टोचली, पण लागू पडली का?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गुरांच्या लसीकरणाचे अहवाल किती जनावरांना लस टोचली, या आकड्यावर संपतात. त्यांपैकी किती जनावरांत रोगाला तोंड देण्याइतकी प्रतिकारशक्ती आली, हे सहसा कोणी मोजत नाही. लस वाहतुकीत तापली, मात्रा अपुरी गेली, जनावर खंगलेले असले किंवा वासराच्या रक्तात चिकातून आलेली आईची प्रतिपिंडे (रोगजंतूंशी लढणारी रक्तातील प्रथिने) अजून शिल्लक असली, तर टोचणी वाया जाऊ शकते. नोंदवहीत मात्र ते जनावर सुरक्षित ठरते.

घटसर्प या गुरांच्या जिवाणूजन्य रोगाच्या बाबतीत ही मोजणी त्यातल्या त्यात सोपी आहे. पाश्चुरेला मल्टोसिडा या जिवाणूविरुद्धच्या संरक्षणात रक्तातील प्रतिपिंडांचा वाटा मोठा असतो. त्यामुळे लस देण्यापूर्वी आणि दिल्यानंतर तीन-चार आठवड्यांनी त्याच जनावरांचे रक्तजल (रक्तातील पेशी वगळून उरणारा द्रव) प्रतिपिंडे मोजणाऱ्या एलायझा चाचणीने तपासले, की लस लागू पडली का याचा बराचसा अंदाज येतो. तुरटीयुक्त लसीचे संरक्षण साधारण 4 ते 6 महिने आणि तेलयुक्त लसीचे 9 ते 12 महिने टिकत असल्याने पुढेही नमुने घ्यावे लागतात, एवढेच.

हाच मापदंड ब्रुसेलोसिसला, म्हणजे सांसर्गिक गर्भपाताला, लावला तर मात्र फसगत होते. ब्रुसेला अबॉर्टस हा जिवाणू पेशींच्या आत दडून वाढतो आणि तेथे प्रतिपिंडांचे फारसे चालत नाही. मुख्य भिस्त टी-पेशींवर (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींवर) आणि त्यांच्यातून स्रवणाऱ्या गॅमा इंटरफेरॉन या संदेशवाहक प्रथिनावर असते. एस-19 ही ब्रुसेलोसिसवरील जिवंत लस टोचलेल्या कालवडीच्या रक्तात प्रतिपिंडे आढळतात, पण त्यांच्या पातळीवरून ती कालवड किती सुरक्षित आहे हे ठरवता येत नाही. उलट रोझ बेंगाल या ब्रुसेलोसिस शोधण्याच्या रक्तचाचणीत ती प्रतिपिंडे खऱ्या संसर्गासारखीच दिसतात आणि निरोगी जनावरावर रोगी असल्याचा शिक्का बसू शकतो. ही लस कालवडींना लहान वयातच, साधारणपणे 4 ते 8 महिन्यांच्या असताना, देण्यामागे हेही एक कारण आहे, कारण त्या वयात ही प्रतिपिंडे लवकर ओसरतात. आरबी-51 या दुसऱ्या जिवंत लसीची प्रतिपिंडे नेहमीच्या चाचण्यांत दिसत नसल्याने असा गोंधळ होत नाही. परंतु म्हणूनच त्या चाचण्यांत काही आढळले नाही, तेव्हा लस फुकट गेली, असा निष्कर्ष काढणे निव्वळ अज्ञानाचे आहे. (या दोन्ही लसींतील जिवंत जंतूंचा संसर्ग टोचणाऱ्यालाही होऊ शकतो, याकडेही दुर्लक्ष होते.)

गॅमा इंटरफेरॉनची चाचणी अर्थातच अधिक कटकटीची आहे. तिच्यासाठी रक्तातील पेशी जिवंत लागतात, त्यामुळे नमुना रक्तजलासारखा गोठवून ठेवता येत नाही. ताजे रक्त प्रयोगशाळेत लवकर पोहोचवून प्रतिजनासोबत (जंतूच्या ओळखीच्या घटकासोबत) रात्रभर उबवावे लागते. म्हणूनच सरसकट तपासणीचा आग्रह मी धरणार नाही. प्रत्येक मोहिमेत चिठ्ठ्या टाकून निवडलेली थोडी जनावरे आणि तुलनेसाठी लस न दिलेली काही जनावरे पुरेशी आहेत. मात्र निवड रस्त्यालगतच्या सोयीच्या गोठ्यांतून होऊ नये. प्रत्येक नमुन्यासोबत लसीचा बॅच क्रमांक, टोचणीची तारीख आणि जनावराचे वय नोंदवले जावे, म्हणजे प्रतिसाद कमी आढळल्यास दोष लसीत होता, शीतसाखळीत (लस थंड ठेवून पोहोचवण्यात) होता की टोचण्यात, याचा छडा लावता येईल आणि घटसर्पासारख्या रोगात त्या कळपांना रोगाच्या हंगामापूर्वी पुन्हा लस देता येईल.

आपला,
एक पशुवैद्यक