नोंद जुन्या इंजिनाची, धूर दुसऱ्याच इंजिनाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पीयूसी नसलेल्या वाहनांवर कारवाईची मोहीम कडक होणार, ही बातमी आपल्या दैनिकात वाचली. मोहीम व्हायलाच हवी. माझे गॅरेज आहे, रोजचा धूर आधी माझ्याच नाकात जातो. पण इंजिन बदललेल्या गाड्यांचे काय, याबद्दल त्या बातमीत एक ओळही नव्हती, आणि आमच्या चिपळूणमध्ये अशा गाड्या थोड्याथोडक्या नाहीत.

22 जुलै 2021 च्या पुरात वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत शिरले तेव्हा गाड्या छपरापर्यंत बुडाल्या. पाणी ओसरल्यावर अनेकांनी घाईने चावी फिरवली. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवले की कनेक्टिंग रॉड वाकतो, कधी ब्लॉक फोडून बाहेर येतो. साध्या पॉलिसीत हे नुकसान सहसा बसत नाही, त्यासाठी इंजिनाचे वेगळे संरक्षण घेतलेले असावे लागते. ते किती जणांकडे होते? कंपनीचे नवे इंजिन परवडणारे नव्हते. म्हणून लोकांनी त्याच मॉडेलचे, कटिंगला गेलेल्या गाडीचे इंजिन आणून बसवले. 2019 च्या पुरानंतर कोल्हापूर-सांगलीकडेही हेच झाले. हौस म्हणून कोणी केले नाही. गाडी चालू होणे ही गरज होती.

या गाड्या पीयूसीला नापास का होतात, हे समजून घ्यायला हवे. एप्रिल 2010 पासून मुंबई, पुणे, सोलापूर अशा तेरा शहरांत नव्या मोटारींना बीएस-4 लागू झाले (बीएस म्हणजे गाडीच्या धुराचे सरकारी निकष, आकडा वाढला की निकष कडक). उरलेल्या देशात त्याच वर्षी बीएस-3 आले आणि सगळीकडे बीएस-4 यायला एप्रिल 2017 उजाडले. म्हणजे 2014 साली पुण्यात पासिंग झालेली गाडी बीएस-4 ची, आणि त्याच मॉडेलची, त्याच साली आमच्याकडे पासिंग झालेली गाडी बीएस-3 ची असू शकते. भंगारवाल्याला हा फरक ठाऊक नसतो. ‘सेम इंजिन आहे साहेब’ म्हणून तो देतो, आणि ब्लॉक-पिस्टन खरोखर सेमच असतात. पण पीयूसीची मर्यादा सेम नाही. बीएस-3 पेट्रोल मोटारीला आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइड 0.5 टक्के आणि हायड्रोकार्बन 750 पीपीएमपर्यंत चालते. बीएस-4 ला 0.3 टक्के आणि 200 पीपीएम. शिवाय अडीच हजार आरपीएमवर लॅम्ब्डा, म्हणजे हवा आणि इंधनाच्या प्रमाणाचा आकडा, 0.97 ते 1.03 मध्ये यावा लागतो. डिझेलला धूर किती दाट चालतो याचा आकडा 2.45 वरून 1.62 वर येतो.

यंत्राला यातली कोणती मर्यादा लावायची हे सांगतो गाडीचा नंबर. नंबर टाकला की ‘वाहन’ या सरकारी संगणकीय नोंदवहीतून इंधन आणि बीएसचा प्रकार समोर येतो. बॉनेट उघडून इंजिन कोणते आहे हे पीयूसीवाला पाहत नाही, तसे त्याच्याकडून अपेक्षितही नाही. 2021 मध्ये देशभर एकसारखा दाखला ठरला, त्यात इंजिन क्रमांकाचे फक्त शेवटचे चार अंक दिसावेत अशी तरतूद आहे. पण ते अंक येणार नोंदीतूनच. ते इंजिन कधीच वितळून लोखंड झालेले असले, तरी दाखला त्याच्याच नावाने निघतो.

गेल्या पावसाळ्याआधी एक शिक्षक अशीच एक हॅचबॅक माझ्याकडे घेऊन आले. पुण्याचे पासिंग, बदललेले इंजिन, पिकअप झकास, आणि पीयूसीला लॅम्ब्डा 1.09. बाहेर त्यांना कोणी इंजेक्टर बदलायला सांगितले होते, कोणी ईसीएम, म्हणजे इंजिनाचा संगणक. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नवा घाला, असा सल्ला देणाराही भेटला होता. मी गाडी थंड असताना सुरू केली आणि सायलेन्सरचे तोंड फडक्याने दाबून धरले. मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या नळीच्या, सांध्यातून फुस्स फुस्स आवाज आला. इंजिन बदलताना सांधा बंद करणारे जुने गॅस्केट तसेच ठेवून वर लाल सिलिकॉन फासले होते, ते जळून उडाले होते. अशा फटीतून धूर बाहेर येतो तशी प्रत्येक झटक्याबरोबर बाहेरची हवा आतही ओढली जाते. यंत्राला जास्तीचा ऑक्सिजन दिसतो आणि गाडी प्रत्यक्षात ठीक जळत असली तरी लॅम्ब्डा वर जातो. नवे गॅस्केट बसवले, मागचा ऑक्सिजन सेन्सर वायर कापून तसाच लोंबत ठेवला होता तो जोडला, इंजिन चांगले गरम केले आणि गाडी पास झाली. गॅस्केटची किंमत ईसीएमच्या किमतीपुढे सांगण्यासारखीही नाही.

तेव्हा इंजिन बदलणाऱ्यांना माझे सांगणे असे, की नुसते ‘हाफ इंजिन’, म्हणजे जोडभाग नसलेले इंजिन, आणून भागत नाही. आपल्या जुन्या इंजिनावरचा मॅनिफोल्ड, कन्व्हर्टर, पुढचा आणि मागचा सेन्सर, डिझेल असेल तर थोडा धूर परत इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह, पेट्रोलच्या टाकीची वाफ ओढणाऱ्या कॅनिस्टरची नळी, हे सगळे नव्या ब्लॉकवर चढले पाहिजे आणि ईसीएम गाडीचाच राहिला पाहिजे. डॅशबोर्डवरचा चेक इंजिनचा दिवा बल्ब काढून ‘दुरुस्त’ करणारे फिटर आहेत. त्यांच्यापासून लांब राहा. आणि गाडी थंड असताना पीयूसीला नेऊ नका. कन्व्हर्टर तापल्याशिवाय कामच करत नाही.

हे झाले गॅरेजचे. कागदाचे दुखणे मोठे आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे इंजिन बदलल्यावर चौदा दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर नोंद करून घ्यायची असते. नियम योग्यच आहे, चोरीच्या गाडीचे इंजिन खपू नये हाही त्यामागचा हेतू आहे. पण पुराच्या वेळी भंगारातून आणलेल्या इंजिनाचे पक्के बिल कोण देतो? कार्यालयात गेलेल्या माझ्या गिऱ्हाइकांना एकदा बिल, एकदा प्रतिज्ञापत्र, एकदा मूळ गाडीचा स्क्रॅपचा दाखला, मग पोलिसांचे पत्र असे एकेक कागद मागत फिरवले गेले. एका टेबलावर एक सांगतात, दुसऱ्यावर दुसरे. शेवटी लोक नाद सोडतात. पुढे अपघात झाला की विमा कंपनीचा सर्व्हेअर मात्र पहिल्यांदा इंजिन नंबरच घासून बघतो.

याउलट सीएनजी किट बसवायचे असेल तर मान्यताप्राप्त किट, अधिकृत फिटर, आरसीवर नोंद असा सरळ रस्ता आहे. इंधन बदलणाऱ्याला वाट दाखवलेली आहे, आणि जसेच्या तसे इंजिन बसवणाऱ्याला नाही, हे अजब आहे.

पेट्रोलच्या जुन्या जीपमध्ये भलत्याच कंपनीचे डिझेल इंजिन घुसवून मिरवणाऱ्यांची बाजू मी घेत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत असे स्पष्ट सांगितले आहे. गंमत अशी, की डिझेलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड मुळातच कमी असतो. आरसीवर पेट्रोल लिहिलेली अशी जीप पेट्रोलच्या यंत्राला लावली तर काळा धूर ओकत ऐटीत पास होईल! पुरात सापडलेला शिक्षक नापास आणि ही जीप पास, असा न्याय सध्या होऊ शकतो.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात यासाठी वेगळी सोय आहे. तिथे बसवलेले इंजिन गाडीच्या सालाचे किंवा त्यानंतरचे असावे लागते आणि त्या इंजिनाबरोबर कंपनीने दिलेले प्रदूषण रोखणारे सगळे भाग जागेवर असावे लागतात. अशी गाडी एकदा सरकारने नेमलेल्या रेफरीकडे जाते. तो तपासून दाराच्या चौकटीवर लेबल चिकटवतो. पुढे धूर तपासणारा ते लेबल वाचतो आणि कोणत्या इंजिनाचे निकष लावायचे हे त्याला कळते. तिथले नियम आपल्यापेक्षा कितीतरी कडक आहेत, पण माणसाला नेमके कुठे जायचे ते माहीत असते.

आपल्याकडे यासाठी नवा कायदा लागणार नाही. परिवहन खात्याने इंजिन बदलीसाठी लागणाऱ्या कागदांची एकच यादी राज्यभर जाहीर करावी. महिन्यातून एक दिवस आरटीओत निरीक्षक आणि पीयूसीचे यंत्र एकत्र बसवावे, बॉनेट उघडून नंबर घ्यावा, भाग जागेवर आहेत का बघावे आणि त्याच दिवशी ‘वाहन’मध्ये नोंद करावी. मर्यादा मात्र गाडीच्या मूळ बीएसचीच ठेवावी, ती सैल करून मागणारा मी नाही. पूरग्रस्त तालुक्यांत जुन्या बदल्यांसाठी एकदाच मुदत द्यावी, कारण चौदा दिवस कधीच उलटून गेलेत. आणि नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रांतून इंजिन विकले जात असेल तर बिलावर इंजिन नंबर आणि बीएसचा प्रकार लिहिणे सक्तीचे करावे.

मोहीम सुरू होण्याआधी एवढे झाले तर माझ्याकडच्या बऱ्याच गाड्या स्वतःहून रांगेत उभ्या राहतील. पीयूसी नसल्याचा दंड कायद्यात दहा हजारांपर्यंत आहे. तो भरण्यापेक्षा नोंद करून घेणे कोणालाही परवडेल.

आपला,
एक गॅरेजचालक, चिपळूण