झेडची उंची

ॲन आर्बर, मिशिगन
१८ मे

प्रिय मंद्या,

फोनवर तू एवढंच विचारलंस, "धड चालणारी गाडी कापलीस कशाला?" तेव्हा वहिनी हाका मारत होत्या, म्हणून उत्तर राहिलं. आता सविस्तर ऐक.

माझी दॅटसन २४०झेड, ही जपानी स्पोर्ट्स कार, १९७२ची. पन्नास वर्षांत स्प्रिंगा बसल्या होत्या, त्यात ड्रायव्हरच्या बाजूने जास्त. फोटोत गाडी कायम पान खाऊन उभी असल्यासारखी तिरकी दिसायची. या गाडीत चारही चाकांना स्ट्रट असतात. जाड नळी, तिच्या पोटात शॉकअप आणि बाहेर मोठी स्प्रिंग. स्प्रिंग ज्या वाटीत बसते ती नळीला वेल्ड केलेली, म्हणजे उंची कारखान्यातच ठरलेली. कॉइलओव्हर, म्हणजे उंची हवी तशी बदलता येणारी स्प्रिंग, करायचं तर वाटी कापून काढायची, नळीवर आटे पाडलेली बाही चढवायची आणि अडीच इंची, बारीक घेराची स्प्रिंग बसवायची. मग स्प्रिंगखालचं आट्यांवरचं कडं फिरवलं की गाडी वर किंवा खाली.

ऐकायला सोपं आहे ना? मलाही वाटलं होतं, शनिवार-रविवारचं काम.

मागच्या स्ट्रटच्या बुडातून एक लांब आडवी पिन जाते, ती स्ट्रटला आर्मशी, म्हणजे चाक धरणाऱ्या दांडीशी, जोडते. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने ती पिन आत अशी गंजली होती की नळी, पिन, बुश, सगळं एकजीव. तेल सोडलं, घण मारला, टॉर्चने तापवलं. रबरी बुश जळून गॅरेजभर असा वास सुटला की हिने दोन दिवस दार लावून घेतलं. शेवटी दोन्ही बाजूंनी करवतीने पिन कापली आणि उरलेला तुकडा प्रेसवर ढकलून काढला. एका पिनेला तीन संध्याकाळी. दुसरी मी गुमान आधीच कापली.

वेल्डिंग मी केलं नाही. शेजारी एक आजोबा आहेत, टूलरूममध्ये आयुष्य गेलेले. त्यांनी केलं आणि वर माझ्या करवतीच्या कापाकडे बघून नुसते हसले.

आता माझा गाढवपणा. नवीन कडं हाताशी आलं की माणसाला गाडी जमिनीला टेकवावीशी वाटते. मी भरपूर खाली घेतली. दिसायला झकास! पण नळी आणि शॉकअप जुन्याच लांबीचे, त्यामुळे शॉकअपच्या दांड्याला आत जायला जागाच उरली नाही. प्रत्येक खड्ड्यात दाणकन आपटायची. पुढचे आर्म चाकाकडे वर चढलेले, त्यामुळे उंचवट्यावर स्टिअरिंग आपणहून वळायचं. लोक म्हणतात, कडं आवळलं की स्प्रिंग कडक होते. तसं काही नसतं. गाडीचं वजन तेवढंच, स्प्रिंग दबते तेवढीच, फक्त उंची बदलते. कडकपणा स्प्रिंगच्या तारेत आणि वेढ्यांत असतो. माझ्या नव्या स्प्रिंगा इंचाला दोनशे पौंडांच्या, म्हणजे एक इंच दबायला दोनशे पौंड भार लागणाऱ्या, मूळच्यांच्या जवळजवळ दुप्पट.

मग सगळं पुन्हा उतरवलं. नळ्या दोन इंच कापून जोडल्या, आखूड शॉकअप घातले, पुढे स्टिअरिंग आर्मच्या वर पाऊण इंची स्पेसर दिले आणि गाडी थोडी उचलली. या खेपेला मागची नवी, ग्रीस लावलेली पिन बोटाने ढकलली तर बाहेर आली. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं.

आता ती गाडी वळणावर कशी जाते ते तुला शब्दांत सांगता येणार नाही. पूर्वी वळण घेताना आधी अंग टाकायची, मग विचार करून वळायची. आता हात हलला की नाक वळतं. हायवेच्या सांध्यांवर मात्र पाठ बोलते, ते कबूल.

शेवटचं काम चारही चाकांखाली वजनकाटे ठेवून वजन जुळवायचं. एक कोपरा उचलला की त्यावर आणि तिरप्या समोरच्या कोपऱ्यावर भार वाढतो, बाकी दोघांवरचा कमी होतो. पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे. हे करताना सीटवर ड्रायव्हरचं वजन हवं आणि मी तर खाली पान्यासकट आडवा. म्हणून वीस पौंडी बासमतीच्या आठ पिशव्या आणून सीटवर रचल्या. एकशेसाठ पौंड, माझ्या वजनाला बरोबर.

त्यातल्या सात अजून स्वयंपाकघरात आहेत. हिने परवा विचारलं, मंदार भावजी जेवायला कधी येणार?

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
शिऱ्या