बदललेल्या इंजिनमध्ये ऑइलचा दाब कमी असल्याबद्दल व हमी नाकारल्याबद्दल तक्रार

दिनांक : १९ मे २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
छत्रपती संभाजीनगर

महोदय,

माझ्या सात आसनी डिझेल गाडीचे जुने इंजिन गरम होऊन जाम झाल्यामुळे मी आपल्या छत्रपती संभाजीनगर येथील कार्यशाळेत १८ एप्रिल २०२५ रोजी रिकंडिशन केलेले (म्हणजे जुनेच, पण दुरुस्त करून पुन्हा बांधलेले) इंजिन बसवून घेतले. त्यापोटी मी १,३५,००० रुपये भरले असून, सहा महिने किंवा १०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल तोपर्यंतची हमी आपण बिलावर लिहून दिली आहे. त्यानंतर गाडी जेमतेम ८७० किलोमीटर चालली आणि ६ मेपासून ती केज येथे माझ्या अंगणात उभी आहे.

दोष पहिल्याच दिवशी दिसला. गाडी घेऊन परत येताना मांजरसुंब्याच्या फाट्यावर थांबलो, तेव्हा आयडलिंगवर (गाडी उभी आणि इंजिन रेस न देता चालू असताना) ऑइलचा दाब कमी असल्याचा लाल दिवा लुकलुकू लागला. थोडी रेस दिली की तो विझत असे. मी तिथूनच आपल्या प्रतिनिधींना फोन केला. इंजिन नवीन बांधलेले आहे, हजार किलोमीटरनंतर सुरळीत होईल, असे मला सांगण्यात आले. पुढच्या आठवड्यात त्यांनीच ऑइल प्रेशरचा स्विच (दाब कमी झाला की दिवा लावणारा) बदलून घ्यायला सांगितले, तोही मी स्वखर्चाने बदलला. दिवा लागतच राहिला. त्यानंतर जाड ऑइल टाकण्याचा सल्ला मिळाला, तो मात्र मी मानला नाही. या इंजिनाला १५ डब्ल्यू ४० या घट्टपणाच्या प्रतीचे ऑइल चालते आणि तेच त्यात आहे. जाड ऑइलने गेजचा आकडा थोडा वर सरकेल, पण आतली झीज त्याने भरून निघणार नाही.

दिव्यावर विसंबून न राहता ६ मे रोजी आमच्या येथील अनुभवी मेकॅनिककडून स्विचच्या जागी यांत्रिक गेज लावून दाब मोजला. इंजिन थंड असताना आयडलिंगवर ४८ पीएसआय (दाबाचे एकक) दाब मिळाला. चाळीस मिनिटे गाडी चालवून इंजिन पूर्ण तापल्यावर तोच दाब आयडलिंगवर ६ पीएसआय, तर २००० आरपीएमला (मिनिटाला २००० फेरे) केवळ १४ पीएसआय होता. दर हजार आरपीएममागे साधारण १० पीएसआय दाब असावा, हा ढोबळ हिशेब आपल्या कामगारांनाही ठाऊक असेल. ऑइलची पातळी पट्टीवरच्या खुणेइतकी आहे, ऑइलला डिझेलचा वास नाही आणि बाहेर कुठेही गळती नाही. प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारी झडप) उघडा अडकला असता, तर थंड इंजिनातही इतका दाब उभा राहिला नसता. थंडपणी भरपूर आणि ऑइल पातळ झाल्यावर एकदम खाली, या लक्षणाचा रोख क्रँकला (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला) आधार देणाऱ्या मेन व कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगमधील वाढलेल्या फटीकडे किंवा झिजलेल्या ऑइल पंपाकडे आहे.

त्याच दिवशी ऑइल फिल्टर काढून कापून पाहिला. त्याच्या घड्यांमध्ये राखाडी गॅस्केट मेकरचे (सांधे बंद करण्यासाठी लावायच्या लेपाचे) तुकडे आणि चमकदार धातूचे बारीक कण सापडले. हे कण लोहचुंबकाला चिकटत नाहीत, म्हणजे ते लोखंडाचे नाहीत. बेअरिंगच्या थराचे असण्याची शक्यता मला सर्वाधिक वाटते. ऑइल चेंबर (इंजिनाच्या तळाचे ऑइलचे भांडे) बसवताना गॅस्केट मेकर गरजेपेक्षा जास्त लावला की तो आतल्या बाजूला ओघळून वाळतो, तुकड्या-तुकड्यांनी सुटतो आणि पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो, आणि मग बेअरिंगला पुरेसे ऑइल पोहोचत नाही. माझ्या इंजिनात असेच घडले, असा माझा दावा नाही. पण चेंबर न उघडता असे घडलेच नाही, हेही आपण म्हणू शकत नाही.

असे असताना १२ मे रोजी आपल्याकडून संदेश आला की, बाहेरच्या मेकॅनिकने स्विच बदलल्यामुळे हमी रद्द झाली आहे. याचे मला अतिशय वाईट वाटले. स्विच बदलण्याची सूचना आपल्याच प्रतिनिधींची होती आणि त्यांचा तो संदेश माझ्याकडे आहे. इंजिनाचे एकही सील तोडलेले नाही. तरीही गाडी पाहायचीच असेल तर ती चालवत आणा, असे सांगण्यात आले. सहा पीएसआयवर सुमारे पावणेदोनशे किलोमीटर गाडी चालवली, तर क्रँक खराब होईल आणि तो दोष माझ्या माथी येईल. म्हणून गाडी मी चालवणार नाही. आईला दर पंधरा दिवसांनी अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात न्यावे लागते. या महिन्यात ऐन उन्हात तिला एसटीने न्यावे लागले.

माझी मागणी अशी आहे की, आपण स्वखर्चाने गाडी टो करून न्यावी किंवा आपला तंत्रज्ञ केजला पाठवावा, आणि चेंबर माझ्यासमोर उघडून जाळी, पंप व बेअरिंगची फट तपासून मापे लेखी द्यावीत. केवळ जाळी धुऊन किंवा नवी बेअरिंग घालून गाडी परत देऊ नये. ऑइल थंड व घट्ट असताना फिल्टरचा बायपास (फिल्टर टाळून जाणारी वाट) उघडतो आणि कण न गाळताच पुढे जातात, म्हणून क्रँकची मापे घेणे, ऑइलच्या वाटा धुणे आणि टर्बोची तपासणी करणेही आवश्यक आहे. क्रँक मापात नसल्यास इंजिन बदलून द्यावे आणि हमीची मुदत दुरुस्तीच्या तारखेपासून नव्याने धरावी. नव्या इंजिनाचा क्रमांक नोंदणी प्रमाणपत्रावर चढवण्यासाठी लागणारी कागदपत्रेही आपण अद्याप दिलेली नाहीत. इंजिन पुन्हा बदलणार असल्यास अंतिम क्रमांकाचीच द्यावीत, म्हणजे परिवहन कार्यालयात दुसरी खेप पडणार नाही.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मी राहत असलेल्या बीड जिल्ह्याच्या ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन. बिलाची व हमीपत्राची प्रत, गेजवरील आकड्यांची छायाचित्रे आणि आपल्या प्रतिनिधींचे संदेश सोबत जोडले आहेत. कापलेला फिल्टर पिशवीत बंद करून माझ्याकडे ठेवला आहे. तपासणीच्या दिवशी तो आपल्या तंत्रज्ञासमोर उघडेन.

आपला विश्वासू,
तक्रारदार ग्राहक,
केज, जि. बीड