तो रकाना कोरा ठेवल्याबद्दल

आदरणीय मॅडम,

हे पत्र मी लिहिलेलं नाही, बोललेलं आहे. फोनसमोर मराठीत बोलतो, अक्षरं उमटतात, मग फोनच ती मला वाचून दाखवतो. कानाला खटकलं की थांबून दुरुस्त करतो. तीन संध्याकाळी लागल्या. ही रीत तुम्हीच शिकवलीत, म्हणून आयुष्यातलं पहिलं मोठं पत्र तुम्हालाच. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण माझ्यासारखे कितीतरी आईबाप आजही कुठल्या ना कुठल्या टेबलासमोर बसून ‘चष्मा घरी राहिला’ म्हणत असतील.

मीही तुम्हाला तेच म्हणालो होतो. मुलगी तेव्हा चौथीत होती, वाचताना-लिहिताना अडखळायची म्हणून तिला तुमच्याकडे आणलं होतं. तुम्ही चार पानांचा फॉर्म माझ्या हातात दिलात. ती कधी बोलायला लागली, कधी चालायला लागली, घरात कोणती भाषा बोलता. एरवी असले कागद हिची आई भरते, पण ती माहेरी गेली होती. मी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ ते तिथेच राहिलं. मग म्हणालो, चष्मा घरी राहिला. चष्मा शर्टाच्या खिशात होता, त्याची दांडी वर आलेली होती. तुमची नजर तिकडे गेली हे मला दिसलं. तुम्ही फक्त एवढंच म्हणालात, ‘द्या इकडे, मी वाचते, तुम्ही सांगा,’ आणि खुर्ची उचलून माझ्या बाजूला आणलीत.

शेवटच्या पानावर एक प्रश्न होता. घरात आणखी कुणाला वाचायला-लिहायला त्रास आहे का? मी चटकन ‘नाही’ म्हणालो. मुलगी शेजारी बसली होती. तुमचं पेन कागदाजवळ गेलं आणि परत वर आलं. तुम्ही ‘नाही’ लिहिलं नाहीत. रकाना कोरा ठेवून पुढच्या प्रश्नाकडे वळलात.

त्या कोऱ्या जागेने मला तीन आठवडे स्वस्थ बसू दिलं नाही.

मी सातपूरच्या एका कारखान्यात फिटर आहे. मशीनचं ड्रॉइंग समोर ठेवा, एका नजरेत सांगतो कुठला पार्ट कुठे बसतो. आवाजावरून बेअरिंग गेलं की नाही ते कळतं. पण शिफ्टचं लॉगबुक आलं की माझे हात नेहमी तेलकट असायचे. ‘तूच लिही रे, माझे हात खराब आहेत,’ असं मी वीस वर्षं म्हणत आलो. दोनदा सुपरवायझर करत होते, दोनदा नको म्हणालो. लोकांना वाटलं, मला जबाबदारी नको आहे. गावाकडे भजनाला बसायचो तेव्हा अभंग तोंडपाठ असायचे, तरी पुस्तक पुढ्यात ठेवायचो आणि शेजारच्याने पान उलटलं की मीही उलटायचो. बायकोला माहीत होतं, पण लग्नाला पंधरा वर्षं झाली तरी आम्ही त्यावर कधी बोललो नव्हतो.

शाळेत मला ‘ढ’ म्हणायचे. धडा वाचायला उभं करायचे, मी अडखळलो की वर्ग हसायचा आणि तास संपेपर्यंत मला तसंच उभं ठेवायचे. दहावी दुसऱ्या खेपेला निघाली. त्या गुरुजींवर आता राग नाही. पण मुलगी ‘पोटात दुखतंय’ सांगून शाळा बुडवायला लागली तेव्हा तेच दुखणं मी ओळखलं, आणि तरीही तुमच्यासमोर ‘नाही’ म्हणालो, याचं वाईट वाटतं.

चौथ्या शनिवारी मी एकटाच आलो. दारातच सांगून टाकलं. तुम्ही आश्चर्य दाखवलं नाहीत, कीवही केली नाहीत. पाणी दिलंत आणि विचारलंत, ‘कामावर सगळ्यात जास्त अडतं कुठे?’ इतक्या वर्षांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं.

मग तुम्ही समजावलंत. याला डिस्लेक्सिया म्हणतात, हा डोळ्यांचा दोष नाही आणि बुद्धीचाही नाही. कानावर पडणारा आवाज आणि कागदावरची खूण यांची सांगड आमच्या मेंदूत सहज बसत नाही. घराण्यात चालत येतं, म्हणून तर फॉर्ममध्ये तो प्रश्न असतो. पुसून जात नाही, पण वाट काढता येते. कागदावर ‘कि’ काढून तुम्ही म्हणालात, बघा, वेलांटी आधी काढायची आणि उच्चारायचा मात्र ‘क’ आधी. ‘सूर्य’ म्हणताना ‘र’ आधी येतो, लिहिताना तो उडी मारून ‘य’च्या डोक्यावर बसतो. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य. मी नेमका जिथे आयुष्यभर पडलो त्या सगळ्या जागा तुम्ही एकेक करून दाखवत होतात. खड्डे रस्त्यात होते हे मला त्रेचाळिसाव्या वर्षी कळलं.

त्या दिवशी तुम्ही १८९६ सालची एक हकिगत सांगितलीत. इंग्लंडमधल्या प्रिंगल मॉर्गन नावाच्या डॉक्टरांनी पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाविषयी लिहून ठेवलं आहे. मुलगा हुशार, गणित चांगलं, पण स्वतःचं नाव ‘प्रेसी’ असं लिहायचा आणि ते चुकलंय हे त्याच्या लक्षातही यायचं नाही. त्याचे मास्तर म्हणायचे, सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेत सगळ्यात पुढे असता. मी घरी जाताना मोटारसायकल कडेला घेऊन थोडा वेळ थांबलो. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या मुलाची मला फार माया वाटली.

पुढचे आठ महिने तुम्ही बापलेकीला एकाच वेळी शिकवलंत. स्टीलच्या परातीत रवा पसरायचा, अक्षर मोठ्याने म्हणायचं आणि म्हणता म्हणता बोटाने गिरवायचं. डोळा, कान आणि बोट तिन्ही एकदम कामाला. ऑर्टन आणि गिलिंगम यांनी अमेरिकेत अशी पद्धत बसवली, असं तुम्ही म्हणालात. मला आजोबा आठवले. धूळपाटीवर धुळाक्षरं गिरवून शिकलेला माणूस. रात्रपाळी नसली की जेवणानंतर आम्ही दोघं स्वयंपाकघरात फरशीवर बसायचो. ती ‘र्य’ म्हणायची, मी गिरवायचो. मी ‘क्त’ म्हणायचो, ती गिरवायची. माझी बोटं जाड, रव्यात अक्षर मावायचं नाही, मग ती परात हलवून पुन्हा सपाट करून द्यायची. बाबांनाही हे जड जातं हे तिला कळलं, त्यानंतर तिचं पोट दुखलं नाही.

तिला सरकारी रुग्णालयातून प्रमाणपत्र मिळवायला कुठले कागद लागतील तेही तुम्हीच सांगितलंत. पुढे परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक मिळू शकतो. १९९५च्या अपंगांच्या कायद्यात ७ प्रकार होते, २०१६च्या कायद्यात २१ झाले आणि त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आली, म्हणजे आमच्यासारखा वाचण्या-लिहिण्याचा त्रासही आला. मी १९९८मध्ये दहावीला बसलो तेव्हा कायद्याच्या यादीत आमचा प्रकारच नव्हता. तिच्यासाठी तो आहे, याचं मला खरंच समाधान वाटतं.

आणि लॉगबुक. तुम्ही म्हणालात, साहेबांना स्वतः सांगा, दुसऱ्याकडून कळण्याआधी. मी सांगितलं. साहेब जरा गप्प बसले, मग म्हणाले, ‘फोनवर बोलून मग बघून उतरव, मला नोंद बरोबर हवी.’ दिवाळीनंतर शिफ्टचा चार्ज घेतला. पहिल्या रात्री लिहिलं, ‘कंप्रेसर नंबर ३, ऑइल प्रेशर कमी, फिल्टर बदलला, लक्ष ठेवावे.’ दहा शब्दांना वीस मिनिटं लागली. ‘कंप्रेसर’ दोनदा खोडला. खाली सही केली. सकाळी पुढच्या शिफ्टच्या पोराने ते वाचलं आणि काही न विचारता सरळ कंप्रेसरकडे गेला. मॅडम, तो माझ्या अक्षरांवर विश्वास ठेवून चालत गेला. मी गेटपाशी उभा राहून त्याच्याकडे बघत होतो.

आजही थकल्यावर अक्षरं निसटतात. बँकेच्या फॉर्मला अजून घाम फुटतो. पण आता ‘मला वाचायला वेळ लागतो, जरा थांबा’ एवढं म्हणतो, आणि बहुतेक लोक थांबतात.

तुमच्या फाइलमध्ये मुलीचा तो फॉर्म अजून असेल. शेवटच्या पानावरचा रकाना अजून कोरा असेल तर तसाच राहू द्या. येत्या शनिवारी आम्ही दोघं येतोय. तिथे ‘वडील’ असं मी माझ्या हाताने लिहीन. ‘ड’ला वेलांटी दुसरी, मी पाठ करून ठेवलंय.

तुमचा,
चौथीतल्या त्या मुलीचा बाबा, आणि तुमचा विद्यार्थी